एग टम्बलर: मालावी सिक्लिडच्या अंड्यांसाठी घ्यावा की नको?

आफ्रिकेतल्या मालावी सरोवरातल्या बऱ्याच सिक्लिड माशांची मादी अंडी तोंडात उबवते; तीच अंडी तोंडातून काढून पाण्यात घोळवत उबवायचं उपकरण म्हणजे एग टम्बलर. तो घ्यायचा विचार असेल तर आधी बॅटरीवर चालणारा एअर पंप घ्या. दोन्हींना पैसे पुरत नसतील तर नुसता पंप घ्या आणि अंडी मादीच्या तोंडातच राहू द्या. टम्बलर वाईट आहे असं अजिबात नाही. हवा अखंड मिळाली तर तो आपलं काम चोख करतो. पण बेळगाव, खानापूर, निपाणीकडं लाईट कधी जाईल याचा नेम नसतो, आणि हवा थांबली की टम्बलर म्हणजे अंडी एकावर एक साचवून ठेवणारा डबा होतो.

वस्तू साधी आहे. पारदर्शक ॲक्रिलिकची पेल्याएवढी नळी, तळाला बारीक जाळी, वर उघडता येणारं झाकण आणि बाजूला एक अरुंद नळी. बाजूच्या नळीत हवा सोडली की बुडबुडे वर चढताना पेल्यातलं पाणी वरून ओढून बाहेर टाकतात. त्याची जागा घ्यायला तळाच्या जाळीतून नवं पाणी आत शिरतं आणि अंड्यांना खालून हलकं उचलतं. तोंडात अंडी धरणारी मादी जबडा हलवून अंडी सतत घोळवत असते, त्याचीच ही नक्कल. यलो लॅब, रेड झेब्रा, डेमासोनी, पीकॉक अशा मालावी सरोवरातल्या तोंडात अंडी उबवणाऱ्या माशांसाठी ती चालते. टांगानिका सरोवरातले शंखात राहणारे मल्टी किंवा दगडाला अंडी चिकटवणारे ब्रिचार्डी पाळत असाल तर टम्बलरचा काही उपयोग नाही. ते आईबाप आपली पिलं स्वतःच राखतात.

दुकानात हातात घेतल्यावर पहिलं बघायचं ते हवेची वाट. हवेची नळी थेट अंड्यांच्या कप्प्यात उघडत असेल तर तो टम्बलर घेऊ नका. स्वस्तातल्या काही नमुन्यांत हीच गोची असते. बुडबुडा अंड्यावर आपटला की अंडं उसळून भिंतीवर आदळतं, आणि पहिल्या 2-3 दिवसांत कवच इतकं नाजूक असतं की आतला बलक फुटून सगळं पाणी दुधाळ होतं. बुडबुडे वेगळ्या नळीतून जाणारा आणि कप्प्यात फक्त पाणी फिरवणारा नमुना हवा.

दुसरी गोष्ट जाळी. यलो लॅबचं अंडं साधारण ज्वारीच्या दाण्याएवढं असतं, ते सहसा कुठल्याच जाळीतून पडत नाही. अडचण पुढं येते. अंडं फुटून शेपटी बाहेर आली की ती शेपटी लांबट खाचांत अडकते आणि पिलू सुटायच्या धडपडीत बलकाची पिशवी फाडून घेतं. म्हणून खाचा असलेल्या प्लास्टिकच्या तळापेक्षा 1 मिलिमीटरच्या आतल्या छिद्रांची स्टेनलेस स्टीलची जाळी बरी. जाळीच्या कडेवरून बोट फिरवून बघा. तार टोचत असेल तर पिलांनाही टोचणार; बारीक पॉलिश पेपरनं ती घासून घ्यावी लागते. तिसरं, झाकण घट्ट बसायला हवं. सैल झाकण उडालं की अंडी मोठ्या टँकमध्ये सांडतात आणि बाकीचे मासे ती मिनिटभरात संपवतात.

घरी आणल्यावर लगेच अंडी टाकायची नाहीत. भिजवलेल्या साबुदाण्याचे 12-15 दाणे घेऊन बादलीत आधी चाचणी करा. साबुदाणा पाण्यात बुडतो आणि आकारानं अंड्याच्या जवळचा असतो, त्यामुळं हवा किती सोडायची याचा हाताला अंदाज येतो. दाणे तळाशी एकमेकांवरून सावकाश लोळायला हवेत, मधूनच एखादा अर्धा इंच उचलला जाऊन परत बसायला हवा. पेल्यात कारंजं दिसायला लागलं की हवा जास्त झाली. दाणे एका कोपऱ्यात गोळा होऊन बसले की टम्बलर तिरका लागला आहे. तो ओळंब्यात सरळ करा. खरी अंडी थोडी हलकी असतात, त्यामुळं साबुदाण्याला जुळलेल्या हवेपेक्षा किंचित कमीवर सुरुवात करावी. साबुदाण्याची चाचणी टँकमध्ये करू नका, त्याच्या पिठामुळं पाणी खराब होतं. नंतर टम्बलर भरपूर साध्या पाण्यानं धुवून घ्या.

हवेची जोडणी हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. बऱ्याच घरी एका पंपाला टी-व्हॉल्व्ह लावून त्यावर स्पंज फिल्टर, एअर स्टोन (बारीक बुडबुडे सोडणारा दगड) आणि टम्बलर असं सगळं चालवलं जातं. मग कुणी एअर स्टोनचा व्हॉल्व्ह जरा फिरवला की टम्बलरची हवा एकदम वाढते. स्पंज चोंदला की त्याच्या वाटणीचीही हवा टम्बलरकडं वळते. रात्रीत अंडी घुसळून निघतात आणि सकाळी कवचांचा फेस दिसतो. टम्बलरला स्वतंत्र पंप द्या. त्यावर एक जादा फाटा काढून त्यातून नको असलेली हवा बाहेर सोडा, म्हणजे टम्बलरचा व्हॉल्व्ह फार आवळावा लागत नाही आणि पंपाच्या आतल्या रबरावर ताण येत नाही. नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवला असेल आणि लाईट गेली, तर पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं. व्हॉल्व्ह लावताना त्यावरचा बाण टँकच्या दिशेनं आहे ना ते बघा. उलटा बसला तर हवा येतच नाही.

आता लाईटचं. घरी इन्व्हर्टर असेल तर पंपाचं प्लग इन्व्हर्टरच्या लाईनवर आहे याची खात्री करा. पुष्कळदा टँकचा बोर्ड त्या लाईनवर नसतो. लहान पंप जेमतेम 3 ते 5 वॉट घेतो, इन्व्हर्टरला त्याचं ओझं नाही. इन्व्हर्टर नसेल तर लाईट गेल्यावर आपोआप सुरू होणारा, चार्ज होणारा पंप घ्यावा. त्याची बॅटरी किती वेळ पुरते हे खोक्यावरच्या आकड्यावरून धरू नका. एकदा पूर्ण चार्ज करून, टम्बलर जोडून, घड्याळ लावून बघा. आणि पंपही बंद पडला, दुसरा काही इलाज उरला नाही, तर अंडी टम्बलरमध्ये ठेवू नका. पसरट ताटलीत टँकचंच पाणी घेऊन त्यात अंडी एकाच थरात पसरा आणि दर 10 मिनिटांनी ड्रॉपरनं पाण्याची पिचकारी मारत राहा. ढिगात तळाशी दबलेल्या अंड्यांना आधी ऑक्सिजन कमी पडतो. पसरल्यावर तो धोका बराच टळतो.

टम्बलर कुणाला खरोखर लागतो? मादी अंडी गिळते तेव्हा. पहिल्या-दुसऱ्या खेपेची तरुण मादी आठवड्याच्या आतच अंडी गिळते किंवा थुंकून टाकते. त्यामागं बहुधा नराचा छळ, टँकमधली गर्दी किंवा नुसता अननुभव असतो. नर-मादी प्रमाण 1 ला 4-5 ठेवलं, लपायला दगडांची दाटी केली, तर पुष्कळ माद्या पुढच्या खेपांना पूर्ण मुदत तोंड मिटून ठेवतात. अशा मादीला 26-27 अंश तापमानात 3 आठवडे सांभाळू द्यावं. फार तर 16-18 व्या दिवशी पिलं काढून घ्यावीत. तेव्हा पिलं जवळजवळ तयार असतात, त्यांना घोळवायची गरजच नसते. साध्या जाळीच्या ब्रीडर बॉक्समध्येही (पिलं वेगळी ठेवायच्या डब्यात) ती जगतात. म्हणजे ज्यांची मादी अंडी टिकवते त्यांना टम्बलरची गरज नाही. ज्यांच्याकडं जात दुर्मिळ आहे, मादी एकच आहे आणि ती दरवेळी गिळते, त्यांनी मात्र जरूर घ्यावा.

अंडी लवकर काढायची झाली तर तिसऱ्या दिवसाआधी काढू नका. त्या वेळी अंडी फार कोवळी असतात आणि हाताळताना फुटतात. चौथ्या-पाचव्या दिवशी अंड्यात दोन काळे ठिपके, म्हणजे डोळे, दिसायला लागतात; मग ती थोडी दणकट झालेली असतात. मादी पकडायला दोन मऊ जाळ्या वापरा, एकीनं हाकायचं, दुसरीनं अडवायचं. दिवे मालवून रात्री पकडली तर तिची धावपळ कमी होते. धावपळीत ती अंडी थुंकते, म्हणून जाळीसकट तिला टँकच्याच पाण्यानं भरलेल्या पांढऱ्या भांड्यावर आणा. पांढऱ्यावर अंडी नीट दिसतात. हात ओले करा. मादीला मुठीत सैल धरून डोकं खाली करा, टोक घासून बोथट केलेल्या टूथपिकनं खालचा जबडा हळूच उघडा आणि तोंड पाण्यात बुडवून बाहेर काढा. पाण्याच्या आत-बाहेर होण्यानं अंडी आपोआप घरंगळतात. 10 सेकंदांच्या वर तिला पाण्याबाहेर धरू नका. मध्ये भांड्यात सोडून श्वास घेऊ द्या आणि परत धरा. पोट दाबायचं नाही. अंडी पोटात नसतात, घशाशी असतात, दाबून फक्त मादी जखमी होते. नंतर तिला लगेच नराच्या टँकमध्ये टाकू नका. उपास काढून ती खंगलेली असते. आठवडाभर वेगळी ठेवून चारा द्या.

अंडी टम्बलरमध्ये घालायला साधा प्लास्टिकचा ड्रॉपर चालतो, फक्त त्याचं तोंड कापून अंड्याच्या दुप्पट रुंद करा. पहिले दोन दिवस तासातासानं बघावं लागतं. चांगलं अंडं पिवळसर केशरी, आतून उजेड झिरपल्यासारखं दिसतं. फलन न झालेलं अंडं दुधासारखं पांढरं आणि अपारदर्शक होतं. ते पांढरं अंडं दिसलं की लगेच उचला. एक दिवस राहिलं तर त्यावर कापसासारखी बुरशी उगवते आणि तिचे तंतू शेजारच्या चांगल्या अंड्यांना गुंडाळतात. सगळीच अंडी पांढरी झाली तर दोष टम्बलरचा नसतो. नर नवखा असतो, किंवा माद्यांनी नराशिवायच आपापसांत अंडी घालून तोंडात घेतलेली असतात.

26-27 अंशांत पाचव्या-सहाव्या दिवशी कवच फुटतं. तेव्हा पेल्यात नीट डोकावून बघावं: पिवळ्या बलकाच्या गोळीला दोन टपोरे डोळे आणि केसासारखी थरथरती शेपटी, बस्स, एवढंच पिलू असतं. गोळी जड असल्यानं ते तळाशी पडून शेपटी आपटत राहतं. इथं हवा निम्म्यावर आणा. आता घोळवायची गरज नसते, पाणी खेळतं राहिलं की पुरे. फुटलेली कवचं जाळीवर साचून छिद्रं बुजवतात, ती रोज ड्रॉपरनं उचला. बलक संपेपर्यंत, म्हणजे अंडी घातल्यापासून 18-21 व्या दिवसापर्यंत, काहीही खायला घालू नका. या दिवसांत टाकलेला चारा फक्त सडतो.

बुरशीसाठी मिथिलीन ब्ल्यू चालतं, पण ते मोठ्या टँकमध्ये घालू नका. फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणू त्यानं मरतात आणि सिलिकॉनचे जोड कायमचे निळे होतात. औषध वापरायचं तर टम्बलर वेगळ्या बादलीत किंवा छोट्या टँकमध्ये लावा. 1 टक्क्याच्या द्रावणाचं माप 20 लिटरला 2 मिलिलिटर, म्हणजे लिटरमागं 1 मिलिग्रॅम. पिलं फुटली की औषधाचं पाणी टप्प्याटप्प्यानं बदलून टाका. पांढरी अंडी वेळेवर उचलत असाल तर पुष्कळदा औषधाची गरजच पडत नाही.

वेगळ्या बादलीत लावलेल्या टम्बलरची इकडं आणखी एक अडचण असते, ती थंडीची. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर आहे; डिसेंबर-जानेवारीत पहाटे हवा पंधरा अंशांच्या आसपास येते आणि 20 लिटरची बादली रात्रीत थंड होते. पावसाळ्यातही दिवस-दिवस ऊन नसतं. तापमान 24 च्या खाली गेलं की अंडी उशिरा फुटतात आणि तेवढा बुरशीला जास्त वेळ मिळतो. 20 लिटरला 25 वॉटचा हीटर पुरेसा आहे, कडाक्याच्या थंडीत 50 चा लावावा आणि वेगळा थर्मामीटर ठेवावा. हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नये. औषध वापरायचं नसेल तर टम्बलर सरळ मोठ्या टँकमध्येच लावणं शहाणपणाचं. तिथं 200-250 लिटर पाणी असतं, तापमान एकदम घसरत नाही, फिल्टरही तयार असतो.

पाणी कुठलं, यावर या भागात बरंच अवलंबून आहे. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकल जलाशयांचं पाणी येतं. खानापूरकडं जांभ्याच्या जमिनीतल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ लागतं, तर अथणी-रायबागच्या काळ्या रानातलं बोअरचं पाणी साबणाला फेस येऊ देत नाही इतकं जड. मालावी सरोवराचं पाणी पीएच 7.7 ते 8.6, केएच (पीएच टिकवून धरणारा कार्बोनेटचा जडपणा) 6-8 अंश, जीएच (एकूण जडपणा) 4-6 अंश असं असतं. बोअरवाल्यांना बहुधा काहीच करावं लागत नाही. मऊ पाणी असेल तर 50 लिटरला 6 ग्रॅम खाण्याचा सोडा घातल्यावर केएच साधारण 4 अंशांनी वाढतो. हे एकदम न करता दोन-तीन दिवसांत विभागून करा. दगड म्हणून शहाबादी फरशीचे तुकडे चालतात. ती चुनखडीच असल्यानं केएच सावकाश धरून ठेवते. लिंबू पिळून फसफसतं का ते आधी बघा. अंडी मात्र मादी ज्या पाण्यात होती त्याच पाण्यात ठेवायची, टम्बलरसाठी वेगळं "चांगलं" पाणी तयार करायच्या भानगडीत पडू नका. नळाचं पाणी बदलायला वापरत असाल तर पावसाळ्यात क्लोरीनचा वास हमखास बघा. पाणी 24 तास हवा लावून ठेवा, नाहीतर 100 लिटरला 1 ग्रॅम सोडियम थायोसल्फेट विरघळवून घाला.

टम्बलरमधून निघालेल्या पिलांसाठी 40 लिटरचा वेगळा टँक आणि मोठ्या टँकमध्ये महिनाभर चालवून मुरवलेला, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू वाढलेला, स्पंज फिल्टर आधीच तयार हवा. इथंच खूप जणांची पिलं जातात आणि दोष मात्र टम्बलरला लागतो. सिक्लिडच्या पाण्याचा पीएच चढा असतो, आणि चढ्या पीएचला अमोनिया कितीतरी जास्त विषारी ठरतो. नव्या, न मुरलेल्या स्पंजवर 30 पिलं सोडली तर चौथ्या-पाचव्या दिवशी ती पाण्याच्या वर येऊन श्वास घेताना दिसतील. खायला पहिले दोन आठवडे ताजा फुटलेला ब्राइन श्रिंप (खाऱ्या पाण्यातला बारीक कोळंबीसारखा जीव) उत्तम. त्याची अंडी फोडायला लिटरला 25 ग्रॅम मीठ, 27-28 अंश, जोराची हवा, 24 ते 36 तास. तो नसेल तर बोटांत चुरडून पीठ केलेला स्पिरुलिना फ्लेक, दिवसातून 3-4 वेळा चिमूटभर.

पर्यायांबद्दल थोडक्यात. टँकच्या काठाला बाहेरून अडकवायचा ब्रीडर बॉक्स 16 दिवसांनंतरच्या पिलांसाठी टम्बलरपेक्षा चांगला आहे. त्यात चारा घालता येतो, पिलं मोजता येतात. पण कच्च्या अंड्यांसाठी तो कुचकामी, तळाशी पाणी हलत नाही. पाण्याच्या बाटलीपासून घरी केलेले टम्बलर चालतात, फक्त त्यांची जाळी चिकटवताना ॲक्वेरियमचंच सिलिकॉन वापरा. बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं आणि ते माशांना विषारी ठरतं.

आणि ज्या जोडीची अंडी आपण जगवायला निघालो आहोत ती जात शुद्ध आहे का, हे पैसे खर्च करण्याआधी बघा. बाजारात "ॲसॉर्टेड आफ्रिकन" म्हणून मिळणाऱ्या पिशवीत यलो लॅब आणि रेड झेब्राची संकरित पिलं फार येतात. पिवळ्या अंगावर फिकट उभे पट्टे, नारिंगी झाक, पाठीच्या पराची काळी पट्टी तुटलेली किंवा नसलेली, अशी खूण असेल तर त्यांची पिलं वाढवून दुकानात देऊ नका. ती पुढं यलो लॅबच म्हणून विकली जातात आणि या भागातली चांगली पैदास बिघडत जाते. घरातल्या टँकमध्ये ती मजेत राहतील, पण टम्बलर त्यांच्यासाठी नको.

काम झाल्यावर टम्बलर लगेच धुवा. साबण नको, उकळतं पाणीही नको. ॲक्रिलिकला तडे जातात आणि झाकणाचा आकार बिघडतो. जड पाण्यात जाळीवर पांढरा थर बसतो. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तासभर बुडवून जुन्या टूथब्रशनं घासला की तो निघतो. सक्शन कपचं रबर काही महिन्यांत कडक होतं आणि रात्री कधीतरी टम्बलर सुटून तळाशी आडवा पडतो. दोन जादा कप आणून ठेवा आणि तोपर्यंत टम्बलरच्या गळ्याला नायलॉनचा दोरा बांधून तो टँकच्या काठाला अडकवून ठेवा.